मुलाच्या 'मेंदूचा रिपोर्ट' आणि माझी खात्री

रेवा_घोडबंदर · रविवार, रात्री १०.४०

वर्षभरापूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. ती नीट समजून घ्यायची आहे म्हणून हा धागा काढतेय. थोडी लांबण लागेल.

मुलगा तेव्हा पाचवीत होता. शाळेत पालकसभा झाल्यावर एका कंपनीची माणसं आली. मुलाच्या दहा बोटांचे ठसे मशीनवर घ्यायचे आणि त्यावरून मेंदूच्या कुठल्या भागात किती ताकद आहे ते टक्क्यांत सांगायचं. डीएमआयटी म्हणतात त्याला. माहिती देणारी मुलगी पंचविशीची असेल. अर्ध्या तासात तिच्या तोंडून एकदाही 'बहुधा' किंवा 'साधारण' असा शब्द आला नाही. मागे पडद्यावर रंगीत मेंदू फिरत होता. मी साडेचार हजार भरले. आठवड्याने गुळगुळीत कागदावर छापलेली चाळीस पानांची फाइल आली. आठ रंगीत खांब, त्यातला सगळ्यात बुटका गणिताचा. ७.८ टक्के.

मी त्याचा स्कॉलरशिपचा गणिताचा क्लास बंद केला. नवरा म्हणत होता, अगं सहामाहीचे मार्क तरी येऊ देत. मी त्याला म्हटलं, हे माझं मत नाहीये, हे सायन्स आहे.

गेल्या मंगळवारची गोष्ट. मी पोळ्या करत होते, तो टेबलाशी अपूर्णांकांची गणितं करत होता. थोड्या वेळाने त्याने वही मिटली, पेन्सिल कंपासपेटीत ठेवली, झाकण लावलं आणि म्हणाला, "आई, माझ्या मेंदूत गणिताची जागाच छोटी आहे ना? मग हे नाही आलं तरी चालेल." रडत नव्हता, चिडलेला नव्हता. आपली उंची किती हे सांगावं तसं सांगत होता. मी गॅस बंद करून त्याच्याजवळ जाऊन बसले, पण बोलायला काही सुचेना. ते वाक्य त्याला मीच दिलं होतं.

मी बँकेत कर्जविभागात आहे. पगाराच्या स्लिपवरची तारीख जुळली नाही तरी अर्ज परत पाठवते. मग या फाइलला मी एकही प्रश्न का विचारला नाही? कोणाला असा अनुभव असेल, किंवा यामागे काय घडतं हे माहीत असेल, तर लिहा.

---

दत्ता_खारेगाव · रविवार, रात्री ११.१५

ताई, तुम्ही एकट्या नाही. आमच्या भागात काही वर्षांपूर्वी 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चं, म्हणजे मुलांचा मधला मेंदू जागा करण्याचं वारं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुलं रंग ओळखायची, पुस्तक वाचायची. हॉल भरलेला, टाळ्या. मीही वाजवल्या. मंगळुरूचे विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी जागोजागी जाऊन दाखवून दिलं की पोरं नाकाशेजारच्या फटीतून खाली बघतात. ती फट नीट बंद केली की वाचन थांबतं. माझ्या पुतण्याने पुढे स्वतःच कबूल केलं, "काका, दिसायचं थोडं, पण सर म्हणायचे की तेच ॲक्टिव्हेशन."

मिडब्रेन हा भाग मेंदूत खरोखर आहे आणि तो जन्मापासून चालूच असतो, एवढं जरी कोणी त्या हॉलमध्ये सांगितलं असतं!

---

मानसी_वि · सोमवार, सकाळी ७.५०

मी ठाण्यात कॉलेजमध्ये मानसशास्त्र शिकवते. रेवाताई, 'प्रश्न का विचारला नाही' याचं एक उत्तर प्रयोगातून मिळालेलं आहे.

येल विद्यापीठात डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी तो केला, २००८ साली प्रसिद्ध झाला. लोकांना माणसाच्या वागण्यातली एक खरी गोष्ट सांगायची आणि तिचं कारण द्यायचं. काही कारणं चांगली, काही नुसती गोल गोल. उदाहरणार्थ: दुसऱ्याला किती माहीत आहे याचा अंदाज आपल्याला का येत नाही? कारण दुसऱ्याच्या माहितीचा अंदाज करताना माणसं चुकतात. हे कारण नव्हेच, प्रश्नच उलटा करून ठेवलाय, आणि साध्या भाषेत लिहिलं तर लोकांना ते कळतंही. पण त्यातच 'ब्रेन स्कॅनवरून दिसतं की फ्रंटल लोबमधल्या सर्किटमुळे असं होतं' एवढी भर घातली की तेच कारण लोकांना बरंच पटायला लागलं. घातलेल्या शब्दांचा उत्तराशी काडीचा संबंध नव्हता. मेंदूविज्ञानाचा कोर्स करणारे विद्यार्थीसुद्धा फसले. त्या विषयात मुरलेले तज्ज्ञ तेवढे फसले नाहीत.

त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात असं आलं होतं की लेखाशेजारी मेंदूचं चित्र असलं की लेख जास्त खरा वाटतो. मी हे वर्गात बरीच वर्षं सांगायचे. पुढे २०१३ मध्ये जवळपास दोन हजार लोकांवर तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला गेला आणि चित्राचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. शब्दांचा परिणाम मात्र नंतरही दिसत राहिला. त्यामुळे पडद्यावर फिरणाऱ्या त्या मेंदूपेक्षा 'लोब' आणि '७.८ टक्के' यांनी तुम्हाला जास्त बांधून ठेवलं असावं. ७.८ मधला तो पॉइंट आठ बघा. 'थोडं कमी' म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, म्हणजे किती, कशावरून. दशांश चिन्ह आलं की मोजमाप झालंच असं आपण धरून चालतो.

---

मोगरा_ऐरोली · सोमवार, सकाळी ९.०५

मला थोडं वेगळं म्हणायचंय. आम्हीही मुलीची ही टेस्ट केली होती. रिपोर्टमध्ये आलं की तिला शरीराच्या हालचालींची समज जास्त आहे. कथकला घातलं, आज ती सुंदर नाचते. रिपोर्टमधलं तिच्या स्वभावाचं वर्णन वाचून माझ्या सासूबाई म्हणाल्या, ही तर आपलीच पोर लिहिलीये. एवढं तंतोतंत कसं जुळेल, काहीच तथ्य नसेल तर? शिवाय बोटांचे ठसे आणि मेंदू आईच्या पोटात एकाच वेळी तयार होतात हे तर वैद्यकशास्त्रच सांगतं ना?

---

स्लाइड_नेरूळ · सोमवार, दुपारी २.३०

मोगराताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो. त्यात खऱ्याचा अंश आहे, म्हणून तर ते इतकं पटतं. बोटांवरच्या रेषा गर्भाच्या साधारण दहाव्या आठवड्यापासून उमटू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. त्वचेचा वरचा थर आणि मज्जासंस्था दोन्ही एक्टोडर्म नावाच्या एकाच थरापासून बनतात. इथवर सगळं पाठ्यपुस्तकातलं.

पण त्याच थरापासून केस बनतात, नखं बनतात, दातांवरचं इनॅमलही बनतं. नखं बघून कोणी मुलाचं गणित सांगितलं तर आपण पैसे देऊ का? दोन गोष्टींचा उगम एक असला म्हणून एकीवरून दुसरी वाचता येत नाही. हाताच्या रेषांचा अभ्यास, डर्मॅटोग्लिफिक्स, हे खरं शास्त्र आहे. १९२६ साली हॅरॉल्ड कमिन्स यांनी हे नाव दिलं. डाउन सिंड्रोममध्ये तळहातावर बऱ्याचदा एकच आडवी रेषा दिसते, ती आम्ही बघतोही. त्यावरून 'डाव्या अंगठ्यात नेतृत्वगुण' इथवर उडी मारायला मध्ये कुठलाही पूल नाही. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनेही २०१९ मध्ये डीएमआयटीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलंय.

आणि ज्या तंत्राने खरोखर मेंदू बघता येतो, त्या एफएमआरआयचंही ऐका. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला. त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसाच्या मनात काय चाललंय ते ओळख म्हणून 'विचारलं'. नेहमीचं गणित वापरलं तर मेलेल्या माशाच्या मेंदूत हालचाल दिसली! मेंदूचे हजारो बारीक ठोकळे एकेक करून तपासले की त्यात काही निव्वळ योगायोगाने पेटलेले दिसणारच. त्यासाठीची दुरुस्ती केल्यावर सगळं विझलं. स्कॅनमधला रंगीत ठिपका हा फोटो नसतो. तो रक्तातल्या ऑक्सिजनच्या फरकावर केलेल्या आकडेमोडीचा निकाल असतो, आणि आकडेमोड चुकू शकते.

---

मानसी_वि · सोमवार, रात्री ८.१०

मोगराताई, तुमची लेक छान नाचते याचं श्रेय तिच्या पायांना, गुरूंना आणि तिला रोज क्लासला नेणाऱ्या माणसाला आहे. ते कोणी काढून घेत नाही.

'आपलीच पोर लिहिलीये' याबद्दल मात्र सांगते. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून एक कागद दिला. किती जुळतं ते ५ पैकी सांगा म्हटलं. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. 'वरून शिस्तबद्ध दिसता पण आत काळजी असते', 'तुमच्यात न वापरलेली बरीच क्षमता आहे', हे कोणाला लागू होत नाही?

---

ॲड_बेलापूर · सोमवार, रात्री ९.४५

हा विषय शाळेपुरता नाही, म्हणून लिहितो. आपल्याच राज्यात या भाषेवर माणसं तुरुंगात गेली आहेत.

जून २००८, पुण्याचं सत्र न्यायालय. एका तरुणीला, तिच्या आधीच्या वाग्दत्त वराला विष घालून मारल्याबद्दल जन्मठेप झाली. परिस्थितिजन्य पुरावा होता, पण निकालात 'बिऑस' नावाच्या चाचणीला बरीच जागा होती. आरोपीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, तिने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मग वाक्यं ऐकवायची: 'मी आर्सेनिक विकत घेतलं.' ते ऐकताना उठणाऱ्या लहरींवरून यंत्र सांगणार की हा तिचा स्वतःचा अनुभव आहे की नुसती ऐकीव माहिती. त्याच वर्षी निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ही पद्धत शास्त्रीय नसल्याचं म्हटलं होतं. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही.

मला त्यात एकच गोष्ट खुपते. साक्षीदार खोटं बोलतोय असं वाटलं तर मी उलटतपासणी घेतो. घरी किती वाजता पोचलास, चष्मा होता का, दिवा कुठे होता. यंत्राची उलटतपासणी कशी घ्यायची? ते 'बहुतेक' म्हणत नाही, घाम पुसत नाही.

आणि माणसाचंही तेच. अमेरिकेत जेनिफर थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये आपल्यावर अत्याचार करणारा म्हणून रोनाल्ड कॉटनला ओळखलं. अत्याचार चालू असतानाच त्यांनी त्याचा चेहरा मुद्दाम मनात ठसवला होता आणि कोर्टात त्यांना जराही शंका नव्हती. दहा वर्षांहून अधिक काळ तो आत होता. १९९५ मध्ये डीएनएने दाखवलं की माणूस दुसराच. त्या खोटं बोलत नव्हत्या. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं हो, पूर्ण खात्रीने चुकणाऱ्याला पकडणं महाकठीण.

---

दिनू_कळवा · मंगळवार, पहाटे ६.२०

वकीलसाहेब, तुमचं शेवटचं वाक्य वाचून रात्रभर झोप लागली नाही. माझीही एक गोष्ट आहे.

२६ जुलै २००५. कांजूरमार्गला कंपनी होती, गाड्या बंद. मी रुळांवरून चालत निघालो. गुडघाभर पाणी, पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात. रात्री दोन वाजता घरी पोचलो, आई मेणबत्ती घेऊन जिन्यात उभी. ही गोष्ट मी पंधरा वर्षं सांगत आलो. बायकोला, पोरांना, नव्या जॉइन झालेल्यांना. आईच्या हातावर मेण सांडलेलं मला आत्ताही दिसतं.

आई गेली त्यानंतर तिच्या हिशेबाच्या वह्या चाळत होतो. दूध, गॅस, पोस्ट. तिच्या अक्षरात एक ओळ: '२७, बुधवार. दुपारी ४ ला दिनू आला. मुलुंडला मित्राकडे थांबला होता. पोहे केले.'

मी ती ओळ पाच-सहा वेळा वाचली. वही खोटी असेल असंच आधी वाटलं! मुलुंडच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, अरे तू आमच्याकडेच झोपला होतास, माझ्या बाबांचा लेंगा घातला होतास. मला ते काहीही आठवत नाही. मेणबत्ती मात्र आठवते. कुठल्या रात्रीची, देव जाणे.

---

मानसी_वि · मंगळवार, दुपारी १.१५

दिनूदादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. अगदी याचाच अभ्यास झालेला आहे. १९८६ मध्ये चॅलेंजर यान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कोणी सांगितलं. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच विचारलं. चौथा हिस्सा सगळ्याच मुद्द्यांवर चुकला, आणि तरी खात्री मात्र भरपूर. त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला, तरी जुनी आठवण परत आली नाही. तुमच्या आईची वही म्हणजे तोच कागद. पण बहुतेक घरांत अशी वही नसते, त्यामुळे आपली आठवण चुकली हे आपल्याला कधी कळतच नाही.

---

दत्ता_खारेगाव · मंगळवार, दुपारी १.४०

यालाच डनिंग-क्रूगर म्हणतात ना? अज्ञानी माणूस खात्रीच्या शिखरावर, मग दरी, मग चढ. तो आलेख फिरत असतो सगळीकडे.

---

मानसी_वि · मंगळवार, दुपारी २.००

तो डोंगरदरीचा आलेख डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ च्या निबंधात नाहीच, नंतर कोणीतरी काढला. निबंधात एवढंच आहे: चाचणीत तळाला असलेल्या चौथ्या हिश्श्यातली मुलं सरासरी १२ व्या पर्सेंटाइलला, म्हणजे शंभरातल्या जेमतेम १२ जणांच्या पुढे होती, आणि त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज होता ६२. तरीही तो अंदाज वरच्या मुलांच्या अंदाजापेक्षा कमीच होता. म्हणजे शिखरावर वगैरे कोणी नव्हतं. दिनूदादांची गोष्ट वेगळीच आहे, त्यांना अज्ञानी कसं म्हणणार?

---

वाशीकर_काका · मंगळवार, सायं. ६.३०

मी निवृत्त झालो तेव्हा दोन सल्लागारांकडे गेलो होतो. एक म्हणाला, काका, बाजार आहे, सांगता येत नाही, निम्मे एफडीत ठेवा. दुसऱ्याने टेबलावर हात आपटून सांगितलं, तीन वर्षांत दुप्पट, लिहून घ्या. मी दुसऱ्याकडे गेलो. पहिल्याला विषय येत नाही असं वाटलं मला. पुढचं सांगत नाही.

पण माझा प्रश्न खरा आहे. रोज प्रत्येक गोष्टीवर शंका घेत बसलं तर जगायचं कसं? डॉक्टरने ठाम बोलू नये का? ऑपरेशनच्या टेबलावर मला 'बहुधा' म्हणणारा सर्जन नकोय.

---

स्लाइड_नेरूळ · मंगळवार, रात्री १०.२०

काका, हे रोज माझ्या टेबलावर घडतं. बायॉप्सीच्या रिपोर्टवर आम्ही कधी कधी 'सजेस्टिव्ह ऑफ' लिहितो, खाली 'क्लिनिकल कोरिलेशन ॲडव्हाइज्ड'. त्याचा अर्थ: काचेखाली जे दिसतंय ते या आजाराकडे बोट दाखवतंय, पण तुकडा लहान आहे, पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरांनी बाकीच्या गोष्टींशी ताडून बघावं. मागच्या महिन्यात एका पेशंटचा मुलगा रिपोर्ट हातात धरून आला. "तुम्हाला नक्की सांगता येत नसेल तर आम्ही दुसरीकडे जातो." मी त्याला मायक्रोस्कोपजवळ बसवलं आणि दाखवलं: या कडेच्या पेशी स्पष्ट आहेत, इथे तुकडा चिरडलाय, इथे मला कळत नाही. अजून एक तुकडा मिळाला तर कळेल. तो दहा मिनिटं बघत होता. मग वडिलांना पुन्हा घेऊन आला.

ठाम बोलणं वाईट नाही. ठामपणा कुठून आला ते बघायला हवं. हवामानाचा अंदाज सांगणाऱ्यांवर जुने अभ्यास आहेत. ते '७० टक्के पाऊस' म्हणतात तेव्हा दहातल्या साधारण सात वेळा पडतो, कारण दुसऱ्या दिवशी आकाश त्यांना उत्तर देतं. सर्जनलाही पेशंट उत्तर देतो. बोटांचे ठसे घेणारी कंपनी मात्र पाच वर्षांनी परत येऊन बघते का, की ७.८ टक्केवाल्या मुलाचं पुढे काय झालं?

---

मोगरा_ऐरोली · मंगळवार, रात्री ११.००

नाही बघत. आम्हाला कोणीच विचारायला आलं नाही. हा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता.

---

रेवा_घोडबंदर · रविवार, सकाळी ११.३०

सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. फोररचं वाचल्यावर मी एक गोष्ट केली. आमच्या सोसायटीत त्याच शाळेतल्या अजून दोन मुलांच्या फाइली होत्या. काल दुपारी आम्ही तिघी आया बसलो. नावं, फोटो आणि आकडे पांढऱ्या कागदाने झाकले, नुसती स्वभावाच्या वर्णनाची पानं ठेवली आणि ज्या त्या आईने आपलं मूल ओळखायचं ठरलं.

मी एका पानावर बोट ठेवलं. 'मनाने हळवा, पण दाखवत नाही. त्याच्या कलाने घेतल्यास फुलतो.' वाचताना डोळे भरून आले माझे, इतकं ते त्याचंच होतं. कागद काढला. चौथ्या मजल्यावरच्या मुलीची फाइल. तिच्या आईने माझ्या मुलाची उचलली होती. तिसरीने आपल्याच मुलाची बरोबर ओळखली. तीन घरांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, मानसीताई. पण बोट ठेवताना मला जी खात्री वाटली ती अगदी तशीच होती, जशी वर्षापूर्वी क्लास बंद करताना वाटली होती. त्या दोन खात्रींत मला फरक करता आला नाही.

शाळेला पत्र लिहिलंय, तिघींच्या सह्या आहेत. या वर्षी पुन्हा ती माणसं येणार असतील तर पालकांसमोर डॉक्टरांनी विचारलेला तो प्रश्न विचारायचा आहे.

मुलाला मी सांगितलं की आई चुकली, ती फाइल चुकीची होती. त्याने विचारलं, "कशावरून चुकीची?" बरं वाटलं ऐकून. मग आम्ही एक वही केली. चाचणीच्या आदल्या रात्री त्याने किती मार्क मिळतील ते लिहायचं, मीही माझा अंदाज लिहायचा, एकमेकांना न दाखवता.

---

रेवा_घोडबंदर · शुक्रवार, रात्री ९.१०

गणिताची घटक चाचणी आली. २० पैकी १३. त्याच्या पानावर ९ लिहिलं होतं, माझ्या पानावर १७. गेलेल्या सात मार्कांपैकी पाच अपूर्णांकांच्या भागाकाराचे आहेत. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा हे त्याला पाठ आहे, का करायचा ते नाही. आत्ता टेबलावर पोळीचे तुकडे मांडून बसलोय. अर्ध्या पोळीत पाव पोळ्या किती, इथवर आलोय.